हॅण्डलला काय लटकवाल?

सायकलच्या हॅण्डलबार बॅगेत किती मावतं, हा प्रश्न नंतरचा. त्यात काय भरायचं नाही, हे आधी ठरवा. मेहकर-लोणार रपेटीत शिकलेला धडा.

सायकल घेतली, हेल्मेट घेतलं, पॅडवाली शॉर्टही घेतली. आता मोबाइल, पाकीट, चिक्की आणि विंडचिटर ठेवायचं कुठे? पाठीवर सॅक घेतली तर दहा किलोमीटरमध्ये टी-शर्ट घामाने चिंब. मग आपण ऑनलाइन हॅण्डलबार बॅग शोधतो आणि पन्नास फोटोंमधली जी एकदम सही दिसते, ती कार्टमध्ये टाकतो. मीही तेच केलं. गेल्या दिवाळीत ती बॅग माझ्या पुढच्या चाकावर येऊन बसली.

दिवाळीला घरी, मेहकरला जायचं होतं. या वेळी सायकलही पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून नेली. बेत साधा होता. पहाटे निघायचं, सुलतानपूरमार्गे लोणार गाठायचं, सरोवर बघायचं आणि जेवायला घरी. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. समृद्धी महामार्ग मेहकरजवळूनच जातो, पण तिथे मोटारसायकललाही बंदी, मग सायकलचं नावच सोडा. म्हणजे आपला जुना नागपूर-मुंबई रस्ता, कडेला वाळत घातलेलं सोयाबीन आणि मधूनच आडवा येणारा ट्रॅक्टर.

माझी बॅग ७ लिटरची. रिकामी जागा दिसली की आपला हात काही थांबत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या, पॉवरबँक, कुलूप, पंप, कॅमेरा. वर आईने दिलेला चकल्यांचा डबा. बाबा अंगणातून बघत होते. म्हणाले, "काय गं, लोणारला चाललीस का नांदायला?"

मी हसून टांग मारली.

सुलतानपूर सोडून लोणारच्या रस्त्याला लागले आणि एका खड्ड्यात चाक आपटलं. बॅगेचं ब्रॅकेट हॅण्डलभोवती गर्रकन फिरलं आणि बॅग थेट टायरवर. चढ होता, वेग नव्हता, म्हणून पाय टेकवता आला. उतार असता तर? पुढचं चाक अचानक अडलं की सायकल थांबते, आपण थांबत नाही. मागच्या कॅरिअरवरची पिशवी पडली तर सामान जातं. पुढची पडली तर दात जातात.

जाता जाता लागेल तेच पुढे

बाबा शिक्षक होते. कित्येक वर्षं शेजारच्या गावातल्या शाळेत सायकलने जायचे. डबा आणि वह्यांचा गठ्ठा मागे कॅरिअरला. हॅण्डलला फक्त एक छोटी कापडी पिशवी. त्यात चष्मा, किल्ल्या, रुमाल. संध्याकाळी माझी कहाणी ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "जाता जाता लागतं ते पुढं. उतरल्यावर लागतं ते मागं."

बॉस, अख्खा फंडा या दोन वाक्यांत आहे! बॅग निवडण्याआधी कागदावर दोन रकाने करा. मोबाइल, पैसे, खाऊ, गॉगल, औषध, पातळ विंडचिटर हे पुढे. कुलूप, पंप, ट्यूब, डबा हे मागे कॅरिअरवर किंवा सीटखालच्या बॅगेत. पाण्याची जागा फ्रेमवरच्या बाटलीच्या स्टॅण्डमध्ये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे मी विसरले होते.

ऑफिसला किंवा रविवारच्या राइडला पुढची यादी २-३ लिटरमध्ये आरामात बसते. ब्रेव्हेची गोष्ट वेगळी. तिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, खाणंही चालत्या सायकलवर. त्यांना ५ ते ७ लिटर लागतात. पण तिथेही वजन हलकंच हवं. हॅण्डलवर भार वाढला की स्टिअरिंग जड होतं आणि संथ चढावर सायकल डुलायला लागते.

आईची शिवणकामाची टेप घ्या

खरेदीआधी पाच मिनिटं सायकलजवळ बसा.

पहिलं माप हॅण्डलच्या मधल्या भागाच्या घेराचं. घेर साधारण ८ सेंमी आला तर जाडी २५.४ मिमी, १० सेंमी आला तर ३१.८ मिमी. ब्रॅकेट त्याच मापाचं हवं. सैल ब्रॅकेट म्हणजे माझी कहाणी रिपीट.

दुसरं, हॅण्डल आणि टायर यांच्यामधलं अंतर. फ्रेम लहान असेल तर हे अंतर कमी असतं, त्यामुळे कमी उंचीच्यांनी इथे जास्त जपावं. पुढे सस्पेन्शन असेल तर ते दबल्यावर अंतर आणखी घटतं.

तिसरं, वाकड्या ड्रॉप हॅण्डलवर दोन ब्रेक लिव्हरमधली जागा. बोटं बॅगेला घासता कामा नयेत.

बॅग लावून झाली की हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ब्रेक-गिअरच्या केबल दुमडतात का? हेडलाइट झाकला जातो का? झाकला जात असेल तर लाइटची जागा बदला. हॅण्डल कार्बनचं असेल तर ब्रॅकेट कसण्याआधी कंपनीची सूचना वाचा.

तीन प्रकार, तीन स्वभाव

खटकन निघणारी डबा-बॅग : ब्रॅकेटवर बसते. चहाच्या टपरीवर काढून हातात घेता येते. कॅमेरावाल्यांसाठी बेस्ट. कंपनीने दिलेली वजनाची मर्यादा मात्र पाळा.

पट्ट्यांची लोळी : अंथरूण-पांघरूणासारखं फुगीर पण हलकं सामान न्यायला. चालता चालता उघडता येत नाही.

हॅण्डलमागचा बटवा : बाटली किंवा खाऊपुरता. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी.

आणि 'वॉटरप्रूफ' या शब्दावर लगेच भाळू नका. कापड पाणी अडवतं, पण शिवण आणि चेनमधून ते शिरतं. गुंडाळून बंद होणारं तोंड अधिक भरवशाचं. ऑर्टलीब या जर्मन कंपनीची सुरुवात १९८२ साली झाली, ती ट्रकच्या ताडपत्रीपासून सायकलच्या बॅगा बनवण्यातून. घरच्या घरी टेस्ट हवी? आत वर्तमानपत्र ठेवा आणि बॅग दहा मिनिटं शॉवरखाली धरा. पेपर कोरडा, तर बॅग पास.

तिसरा पट्टा

त्या दिवशी कुलूप, पंप आणि बाटल्या ओढणीत गुंडाळून पाठीवर बांधल्या आणि हळूहळू लोणार गाठलंच. उल्केच्या आघाताने बसाल्टमध्ये पडलेला, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. काठावर उभी राहिले आणि पाठीवरच्या गाठोड्याचा पार विसर पडला.

परतल्यावर मेहकरच्या एका चांभारदादांनी बॅगेच्या तळाला एक पट्टा शिवून दिला. तो हॅण्डलखालच्या फ्रेमच्या नळीला बांधायचा, म्हणजे बॅग पुढे-खाली फिरत नाही. बॅग घेताना हा तिसरा पट्टा आहे का, हे नक्की बघा. सगळी उस्तवार वीस रुपयांत मिटली.

चकल्यांचा मात्र चुरा झाला होता. बाबांनी तो चहाबरोबर चमच्याने खाल्ला आणि विचारलं, "पुढच्या वेळी डबा कुठं बांधशील?"

"मागं," मी म्हटलं.