घरातली वीज (लेखांक ७) : लोखंडी पाइप आणि प्लास्टिकचा डबा

मागच्या आठवड्यात अर्थिंगचा खड्डा पाहिला. खड्डा कितीही चांगला घेतला, तरी त्याची तार ज्या लोखंडापर्यंत पोहोचली नाही, त्या लोखंडाला तो नसल्यासारखाच. पाटण तालुक्यातल्या घरांत ही तार हमखास राहून जाते अशी एक जागा आहे. घराच्या भिंतीवरून गोठ्याकडे किंवा मोटरीकडे जाणारा जीआय पाइप प्लास्टिकच्या डब्यात शिरतो, ती.

पूर्वी डबेही लोखंडीच असत. पाइपाच्या टोकाला आटे पाडायचे, आतून-बाहेरून चेकनट आवळायचे, की पाइप आणि डबा मिळून एकच धातू होई. डब्याच्या स्क्रूला लावलेली अर्थिंगची तार आपोआप पाइपालाही मिळे. पण कोयनानगरच्या बाजूला वर्षाला पाच मीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथे लोखंडी डबा फार टिकत नाही. म्हणून लोकांनी प्लास्टिकचा डबा घेतला, आणि तो निर्णय योग्यच होता. प्लास्टिक गंजत नाही, स्वस्त पडते, त्याला हात लावला तर शॉक बसत नाही. फक्त जे प्लास्टिक विजेला तुमच्या हातापर्यंत येऊ देत नाही, तेच तिला अर्थिंगपर्यंतही जाऊ देत नाही. चेकनट कितीही घट्ट आवळा. पाइप डब्याला पक्का बसेल, अर्थिंगला मात्र जोडलेला नसेल. एका रेषेत तीन डबे असतील, तर त्यांच्यामधला पाइपाचा प्रत्येक तुकडा असा सुटा राहतो.

आता वायर ओढताना पाइपाच्या कापलेल्या धारेवर तिचे कव्हर सोलले गेले असे समजा. फेज पाइपाला लागला. पाइप २३० व्होल्टवर गेला, पण करंटला जायला वाट नाही. त्यामुळे फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही, दिवे लागतात, मोटर चालते. घरात कुणालाच काही कळत नाही. मग श्रावणात ओल्या पायांनी कुणी धार काढायला जाते आणि आधारासाठी पाइपाला हात लावते. ओल्या अंगाचा अवरोध साधारण एक हजार ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर जातात. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्माही करंट पुरतो. गुरांना तर माणसापेक्षा लवकर बाधते. पुढचे आणि मागचे पाय लांब अंतरावर, चारही ओल्या जमिनीवर, आणि हृदय वाटेतच.

ज्यांच्याकडे आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारे उपकरण) आहे, त्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. पाइप अर्थिंगला जोडलेला असेल, तर वायर सोलली जाताच आरसीसीबी पडतो. जोडलेला नसेल, तर कुणीतरी पाइपाला हात लावेपर्यंत तो पडत नाही. उपकरण तेच, पण दुसऱ्या वेळी त्याची परीक्षा माणसाच्या अंगावर होते.

आरसीसीबी मात्र हवाच, आणि त्याचे कारण आपल्या जमिनीत आहे. वनकुसवड्यासारख्या सड्यावर वर जांभा असतो आणि उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत होतो. खड्ड्याचा अवरोध पाच ओहम मिळाला तरी दोष झाल्यावर फार तर ४६ अँपिअर वाहतील. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला किमान ८० लागतात. तेवढे मिळाले नाहीत, तर तो तापून पडेपर्यंत कित्येक सेकंद जातात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या आत पडतो.

जोडणी अवघड नाही. डब्याच्या आत, चेकनटखाली, पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेला अर्थिंगचा टॅग बसवायचा. धातूचा चेकनट आट्यांना भिडलेला असल्याने टॅग पाइपाशी जोडला जातो. त्या टॅगपासून हिरवी वायर डब्यातल्या अर्थिंगच्या जोडापर्यंत न्यायची. डब्यात दोन पाइप येत असतील, तर दोघांचेही टॅग त्या जोडावर आणायचे. आट्यांचा पाइप नसेल तर बाहेरून क्लॅम्प लावायचा. तिथला रंग खरवडायचा, जस्त मात्र नाही. नुसते तांबे जस्ताला टेकवून पावसात ठेवले तर जस्त खाऊन जाते, म्हणून कल्हई केलेले थिंबल वापरावे. अमेरिकेत पोलादी पाइपच अर्थिंगचा वाहक म्हणून चालतो. म्हणून तिथल्या नियमावलीत प्लास्टिकच्या डब्याला धातूचे पाइप जोडायचे, तर आत ते एकमेकांना धातूने सांधण्याची अट आहे. आपल्याकडे अर्थिंगची वेगळी वायर ओढतात, पण पाइपाला ती चिकटवायची राहते.

पाइपाचे वजन डब्यावर येऊ देऊ नका. डब्यापासून फुटभराच्या आत सॅडल हवे, नाहीतर प्लास्टिक चेकनटपाशी तडकते. कापलेली धार कानशीने घासून तोंडाला बुश बसवा. वर सांगितलेला सगळा अपघात तिथेच सुरू होतो. पाइप डब्यात खालून घ्या, वरून घेतला तर पाणी पाइपाच्या अंगाने आत येते. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून न्या. वेगवेगळ्या लोखंडी पाइपांतून नेले तर पाइप तापतात. अर्थिंगला न्यूट्रल कधीही जोडू नका. न्यूट्रल वाटेत तुटला, तर सगळे पाइप फेजवर जातील.

काम झाल्यावर मेन स्विच बंद करून, मल्टीमीटरने पाइपाचा प्रत्येक तुकडा आणि अर्थिंगचा जोड यांच्यातला अवरोध मोजायला सांगा. तो एक ओहमच्या आत यायला हवा. टेस्टर लागला नाही म्हणजे पाइप सुरक्षित, असे समजू नका. हे सगळे काम परवानाधारक ठेकेदाराच्या वायरमनकडूनच करून घ्या.

माझे मत विचाराल तर घराच्या आत हा मेळ घालूच नये. डबा प्लास्टिकचा असेल, तर पाइपही पीव्हीसीचा घ्यावा. लोखंडी पाइप गुरांचा धक्का बसतो, कुदळ लागते किंवा उंदीर कुरतडतात तेवढ्याच जागी ठेवावा, आणि तिथे अर्थिंगची हिरवी वायर दिसलीच पाहिजे.

पत्र्यावरून मीटरपर्यंत उतरणाऱ्या सर्व्हिस पाइपाचा प्रश्न वेगळा आहे. तो मीटरच्या आधी असल्याने घरातला आरसीसीबी त्याला वाचवू शकत नाही. तो पुढच्या आठवड्यात.