पांढरी भुकटी उन्हात कामाला लागते

न्हावा शेवा बंदरात रंग-कारखान्यांसाठी उतरणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचे कण साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचे असतात. ते प्रकाश विखुरतात, म्हणून रंग पांढराशुभ्र दिसतो. तोच पदार्थ २०-२५ नॅनोमीटर कणांत घडवला, की उत्प्रेरक होतो. अतिनील किरण पडताच इलेक्ट्रॉन सुटतो, मागे धनभारित पोकळी उरते आणि पाण्यातले रंगद्रव्याचे रेणू तुटू लागतात. जपानी संशोधक फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या साहाय्याने, प्रकाशात पाण्याचं विघटन दाखवलं.

अडचण उन्हाचीच: त्यात अतिनील भाग जेमतेम पाच टक्के. त्यामुळे नायट्रोजन मिसळून दृश्य प्रकाशही वापरता येईल, असे कण घडवतात. भुकटी पाण्यातून परत गाळणं जिकिरीचं, म्हणून काचेवर थर देतात. तळोजा औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी सोसणाऱ्या कासाडी नदीकाठी अशा थराची चाचणी व्हायलाच हवी.