जप्ती, संपादन आणि अधिग्रहण

पनवेलजवळच्या ओवे गावाची शेतं सिडको या सरकारी महामंडळानं नवी मुंबईतलं खारघर वसवताना गेली. 'सिडकोनं जमिनी जप्त केल्या,' असं या पट्ट्यात कुणी सहज म्हणून जातं. राग खरा आहे, शब्द मात्र चुकतो, आणि चुकतो तो शेतकऱ्याच्याच विरोधात. जप्ती होते ती देणं थकलं म्हणून किंवा गुन्ह्याच्या संशयावरून, तिला मोबदला नसतो. ओव्यासह नवी मुंबईसाठी ९५ गावांतल्या जमिनींचं झालं ते संपादन: मालकाचा काहीही दोष नसताना, सार्वजनिक कामासाठी, भरपाई देऊन कायमचं घेणं. ती भरपाई तुटपुंजी, म्हणून तर शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. जप्ती असती तर टक्के मागायचे कोणत्या तोंडानं?

दुसरा गैरसमज असा की जप्ती आली म्हणजे मालकी गेली. दिवाणी न्यायालय जमिनीवर किंवा घरावर टाच आणतं (टाच म्हणजे जप्तीच), तेव्हा मालकाला ती विकता, गहाण टाकता वा बक्षीस देता येत नाही, एवढंच. १९०८ च्या दिवाणी संहितेत हा हुकूम जागेवर दवंडी पिटून जाहीर करायची तरतूद आहे. देणं फेडलं की जप्ती उठते, नाही तर लिलाव.

घरातलं भांडंकुंडंही उचलून नेतात, ही भीतीही पुष्कळांना असते. त्याच संहितेचं कलम ६० अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांना हात लावू देत नाही. धार्मिक रिवाजानुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही सुटतात, म्हणजे मंगळसूत्र.

राहिलं 'अधिग्रहण'. हिंदीतल्या 'भूमि अधिग्रहण'च्या नादानं आपल्या बातम्यांतही भूसंपादनाऐवजी हा शब्द शिरला आहे. मराठी कारभारात अधिग्रहण बहुधा तात्पुरतं असतं: टंचाईत गावची खाजगी विहीर घेतात, निवडणुकीला गाड्या घेतात. पाऊस पडला की विहीर मालकाची.

खरोखर कायमची आणि बिनमोबदल्याची जाते ती 'सरकारजमा' झालेली वस्तू. तस्करीचं सोनं पकडलं की आधी जप्त होतं. सरकारजमा होतं ते नंतर, रीतसर आदेशानं.