५६ फुटांचं घर

‘तारिणी’ ही गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ५६ फुटी शिडाची बोट. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि नौदलाच्या आणखी पाच महिला अधिकारी तिच्यातून जगप्रदक्षिणेला निघाल्या. पहिला मुक्काम ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल. तिथे पोहोचायला २३ ऑक्टोबर उजाडला, म्हणजे त्या वर्षीची दिवाळी भर समुद्रात!

अशा बोटीवर घड्याळापेक्षा पहाऱ्याची पाळी मोठी. एकीची पाळी संपली की दुसरीला झोपेतून उठवायचं. मग थंडी असो वा पाऊस, अंगावर जॅकेट, छातीवर हार्नेस आणि हार्नेसची दोरी बोटीला अडकवलेली. शीड जास्त भरलं तर ते कमी करायचं, तेही बहुधा रात्रीच. वारा मुहूर्त बघून वाढत नाही.

खरी गंमत स्वयंपाकघरात. शेगडी दोन्ही बाजूंच्या खिळींवर झुलते. बोट कलली तरी ती सपाट राहते, म्हणून कुकर जागेवर टिकतो. स्वयंपाक करणारीला मात्र पाय रोवून, पाठ टेकवूनच डाळ ढवळावी लागते. गोडं पाणी जपून वापरायचं, भांडी बहुधा समुद्राच्याच पाण्यात. झोपताना बिछान्याच्या कडेला कापड ताणून बांधायचं, नाहीतर लाट थेट जमिनीवर आणून टाकते.

१९ जानेवारी २०१८ ला या सहाजणींनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ओलांडलं. २१ मेला त्या गोव्यात परतल्या, २५४ दिवसांनी.