बाटलीभर पाणी सांगेल तळ्यातले मासे



गावतळ्यात किंवा नदीच्या डोहात कोणकोणते मासे आहेत, हे आपण कसे ओळखतो? पाग टाकतो, गळ लावतो, नाहीतर उन्हाळ्यात पाणी आटून तळ दिसू लागला की कळते. जाळ्यात आला तो आहे, आला नाही तो नाही, असा आपला हिशेब. पण चिखलात दडणारी वाम, कपारीतला शिंगाळा आणि नव्यानेच शिरलेला, संख्येने थोडा असलेला परका मासा सहसा जाळ्याला लागत नाही. या शेवटच्याची बातमी तर वेळेवर मिळायला हवी, कारण त्याने एकदा वीण घातली की त्याला काढणे कोणाच्याही हातात राहत नाही.

चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, तुमच्यापैकी बरेच जण पाळतात. तळ्यात तो तुमच्या ताब्यात असतो तोवर ठीक आहे. पण हिमाचल प्रदेशात भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात हाच मासा 1971 मध्ये पुराच्या पाण्याबरोबर मत्स्यबीज केंद्रातून निसटून शिरला. पुढे तिथे त्याचेच बळ वाढले आणि कटला मागे पडला. आपल्याकडच्या चिलापीची गोष्टही फार वेगळी नाही. हा आफ्रिकेतला मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि आज कितीतरी तलावांत मच्छीमाराच्या टोपलीत तोच अधिक असतो. ‘आमच्या तळ्यात हा कधी आला?’ असे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही.

यासाठी शास्त्रज्ञांनी एक नवी पद्धत काढली आहे. तिला पर्यावरणीय डीएनए तपासणी म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट सोपी आहे. गुरे ज्या वाटेने जातात तिथे शेण पडते, केस कुंपणाला अडकतात, खुरांची माती सांडते. गुरे दिसली नाहीत तरी ती येऊन गेली हे आपण ओळखतो. मासाही पाण्यात असाच माग ठेवतो. त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, खवले, विष्ठा, अंडी यांतून त्याच्या शरीराचे अतिशय बारीक कण पाण्यात मिसळत असतात. या प्रत्येक कणात डीएनए असतो, म्हणजे त्या जातीचे वळण लिहून ठेवलेला धागा. रोहूचा धागा वेगळा, मरळीचा वेगळा.

आता हे वाचायचे कसे? लिटर-दोन लिटर पाणी घेऊन ते अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून गाळतात. कण कागदावर राहतात. कागद थंड ठेवून किंवा अल्कोहोलमध्ये बुडवून प्रयोगशाळेत नेतात. तिथे त्या अल्प डीएनएच्या प्रती काढतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, असे तीस वेळा दुप्पट केले की एका धाग्याचे शंभर कोटींहून जास्त धागे होतात! या कृतीला पीसीआर म्हणतात. मग यंत्र धाग्याचा एक छोटासा तुकडा अक्षर-अक्षर वाचते आणि ओळखीच्या माशांच्या नोंदवहीशी ताडून जात सांगते. सारी मदार या नोंदवहीवर आहे, बरं का. ज्या माशाची नोंद वहीत नाही, त्याचे नाव यंत्र सांगू शकत नाही.

‘साहेब, बाटलीभर पाण्यावरून एवढे कळते यावर विश्वास कसा ठेवायचा?’ असे कोणीही विचारील, आणि विचारलेच पाहिजे. इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवराचे उदाहरण घ्या. तिथे माशांच्या 16 जातींची जुनी नोंद होती. पाण्याच्या नमुन्यांवरून त्यांपैकी 14 जाती सापडल्या. अलीकडच्या जाळ्यांच्या पाहणीत फक्त 4 सापडल्या होत्या. हे काम 2016 मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत शिकागोजवळच्या कालव्याची हकिगत आपल्याला अधिक जवळची, कारण तिथे परका मासा म्हणून ज्याची धास्ती आहे तो आपला चंदेरा आणि त्याचा भाऊबंद बिगहेडच. मिसिसिपी नदीकडून हे मासे वरच्या मोठ्या सरोवरांत शिरू नयेत म्हणून तिथे पाण्यात विजेचा अडसर घातलेला आहे. 2009 मध्ये अडसराच्या पलीकडच्या पाण्यात या माशांचा डीएनए मिळाला. मासा कोणी पाहिला नव्हता. वाद झाला: हा डीएनए बोटीबरोबर आला असेल, पक्ष्याच्या विष्ठेतून पडला असेल. पुढे जून 2010 मध्ये अडसराच्या पलीकडे, कॅल्युमेट नावाच्या तळ्यात, एक जिवंत बिगहेड जाळ्यात सापडला. तरीही वाद घालणारे चुकीचे बोलत नव्हते. मासा तिथे नसताना डीएनए येऊ शकतो, हे खरेच आहे.

म्हणून या पद्धतीच्या मर्यादा नीट समजून घ्या. पाणी माशांची नावे सांगते, मोजदाद सांगत नाही. कोणाचा माग जास्त मिळाला यावरून थोडाफार अंदाज बांधतात, पण तळ्यात किती किलो मासा आहे, तो बोट एवढा आहे की हात एवढा, हे कळत नाही. मासा जिवंत आहे की मेला हेही कळत नाही. जवळजवळच्या जाती वाचताना घोटाळा होऊ शकतो. कटला-रोहूच्या संकरित माशात नेहमीच्या तपासणीत फक्त आईकडची जात दिसते.

दुसरे असे की वाहते पाणी माग खाली नेते. स्वित्झर्लंडमधल्या ग्लाट नदीत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्यातल्या लहान जीवांचा डीएनए 12 किलोमीटर खालीही मिळाला. तेव्हा नदीतल्या नमुन्याचा अर्थ ‘या डोहात’ असा नसून ‘या डोहात किंवा वरच्या अंगाला’ असा घ्यायचा. साठलेल्या पाण्यात माग काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. पाणी तापले की लवकर विरतो. याचा फायदाही आहे: सापडलेला माग बहुधा ताजा असतो.

माझे मत विचाराल, तर स्वतःच्या शेततळ्यासाठी या तपासणीच्या मागे लागू नका. बोटुकली तुम्हीच मोजून सोडली आहे, जाळे ओढले की सगळे दिसते. पद्धत उपयोगी आहे ती सामायिक पाण्यासाठी: पाझर तलाव, धरणाचा फुगवटा, नदीचे डोह. थाई मांगूर पाळायला बंदी आहे, पण तो कोणी पाळलाच आणि पुरात नाल्याला लागला, तर आधी खबर मिळण्याचा हा एक मार्ग. जिथे जाळे टाकता येत नाही तिथे तर याला तोड नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून महसीर राखले आहेत. अशा ठिकाणी माशाला हात न लावता पाहणी करायची तर पाणीच बोलते करावे लागणार.

तुमच्या गावी पाहणीसाठी कोणी आले तर काही गोष्टी सांभाळा. नमुना घेण्याआधी पाण्यात उतरू नका, जाळी धुऊ नका. बाजारातले मासे धुतलेले पाणी जिथे मिसळते तिथला नमुना व्यर्थ, त्यात समुद्राचा बांगडाही दिसेल! पाणी घेणाऱ्याचे हातमोजे प्रत्येक ठिकाणी नवे हवेत, बाटल्या ब्लीचच्या पाण्याने स्वच्छ केलेल्या हव्यात. एका बाटलीवर भागवू देऊ नका. काठ, मध्य, खोल जागा, अशा निरनिराळ्या ठिकाणांहून नमुने घ्यायला सांगा. एक शुद्ध पाण्याची बाटलीही तिथे उघडून इतरांबरोबरच तपासायला जायला हवी. तिच्यात मासा निघाला तर समजावे, घाण बाटलीतून किंवा हातातून आली. पावसाळ्यातले गढूळ पाणी गाळणकागद लगेच बंद करते, तेव्हा पाणी निवळल्यावर या असे सांगायला संकोच करू नका.

परका मासा आहे असा निकाल आला तर ताबडतोब तळे उपसायला धावू नका. पुन्हा नमुने घ्यायला लावा, जाळे टाका आणि तालुक्याच्या मत्स्य अधिकाऱ्यांना कळवा.

पथक येण्याआधी गावातल्या जुन्या मच्छीमारांना एकत्र बसवून माशांची यादी करा. आपल्याकडची गावरान नावेच लिहा, कोणता मासा कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळे, कोणता कधीपासून दिसेनासा झाला तेही लिहा. शक्य असेल तिथे जाळ्यात आलेल्या माशाचा फोटो काढून त्यापुढे नाव घाला. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत नसलेला मासा तुमच्या यादीत निघाला, तर त्याचा एक नमुना पथकाला मिळवून द्या. पुढच्या वेळी यंत्राला तो ओळखता येईल.