मुठीएवढा नेम

दिवाळीत वहीपूजन झाले की व्यापारी मंडळींच्या मनात नव्या संकल्पांची गर्दी होते. ह्या वर्षी उधारी आटोक्यात आणू, पहाटे उठू, रोज स्वाध्याय करू, मुलांच्या नावे काही शिल्लक टाकू, असे आपण सर्वच ठरवितो. आणि कार्तिकी पौर्णिमा उलटण्यापूर्वी त्यांतील बहुतेक संकल्प विरून जातात. लोक ह्याचा दोष मनाच्या दुबळेपणास देतात. आमच्या मते दोष बहुधा संकल्पाच्या मापाचा असतो.

ह्या बाबतीत कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांच्या कार्यातील एक गोष्ट मननीय आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे 1887 साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. त्यांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने वेचले. परंतु दागिने एकदाच मोडता येतात. मुलांना भूक मात्र रोज लागते. संस्थेला रोजचा आधार मिळाला तो मुष्टिफंडाचा. गृहिणीने घरासाठी धान्य काढताना त्यातील एक मूठ विद्यार्थ्यांसाठी बाजूस ठेवावी, व साठलेले धान्य गोळा करून वसतिगृहास द्यावे, अशी ती योजना होती.

एका मुठीत 40 ग्रॅम धान्य धरले, तर एका घरातून वर्षाला 14 किलो 600 ग्रॅम जमते. अशी शंभर घरे असतील, तर 50 किलोची 29 पोती भरून वर थोडे उरते. त्याच गृहिणींकडे एकदम 14 किलो धान्य मागितले असते, तर कित्येकींना नाइलाजाने नकार द्यावा लागला असता.

ह्या योजनेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, मूठ इतकी लहान की टंचाईच्या दिवशीही ती निघावी. दुसरी, तिच्यासाठी निराळी वेळ काढावी लागत नसे. धान्य काढण्याचे काम घरात होतच होते, त्यालाच ती जोडलेली होती. तिसरी, ते धान्य वेगळे राही व कोणीतरी न्यावयास येई. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असे आपण म्हणतो खरे. परंतु बांध नसेल, तर थेंब वाहून जातात. वेगळे ठेवणे आणि नेणाऱ्याची वाट पाहणे हाच येथील बांध होय.

आपल्या पूर्वाचार्यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. साधूंसाठी महाव्रते सांगितली. गृहस्थासाठी मात्र अणुव्रते, म्हणजे त्याच व्रतांचे त्यास पेलेल असे लहान रूप, सांगितले. तपाचीही अशीच पायरी आहे. नवकारशीत सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, अन्नपाणी वर्ज्य करावयाचे असते. ती अंगवळणी पडली की पोरिसी, मग एकासणे, आयंबिल व उपवास, असे पुढे जाता येते. अचौर्य हे व्रत फार मोठे. परंतु तत्त्वार्थसूत्राने त्याच्या अतिचारांत खोट्या वजनमापांची गणना केली, आणि ते व्रत थेट आपल्या तराजूपाशी आणून ठेवले. आचार्य तुलसी ह्यांनी 1949 साली राजस्थानातील सरदारशहर येथून अणुव्रत आंदोलन सुरू केले, तेही ह्याच विचारावर उभे होते.

एखादे दिवशी नेम चुकला, तर काय करावे? प्रतिक्रमण दिवसाचे असते, पक्षाचे असते, चातुर्मासाचे असते आणि संवत्सरीचेही असते. चूक होणार हे गृहीत धरूनच ही व्यवस्था केलेली आहे. रोजमेळात एका दिवसाची नोंद राहिली म्हणून कोणी वही फाडून टाकीत नाही. दुसऱ्या दिवशी ती नोंद भरून पुढे लिहू लागतो. नेमाचेही तसेच समजावे.

हे सर्व आपल्या पेढीस कसे लागू करावे? सिल्वासा परिसरात गेल्या काही दशकांत कारखाने आले, वस्ती वाढली आणि धान्याचा उठावही वाढला. त्याबरोबर किरकोळ दुकानदारांकडील उधारीही वाढली. मोठ्या तोट्याने पेढी बसते, तशी न लिहिलेल्या व न मागितलेल्या उधारीनेही बसते. आणि ती हळूहळू बसत असल्यामुळे वेळीच कळत नाही. म्हणून तरुण व्यापारी बंधूंनी सर्व वसुली एका महिन्यात करण्याचा निश्चय करू नये. दुकान बंद करण्यापूर्वी रोजची शिल्लक मोजावयाचीच असते. त्याच वेळी एकाच थकबाकीदारास सौम्य शब्दांत आठवण करावी, आणि त्याच्या नावापुढे तारीख टाकावी. वर्षात 300 दिवस दुकान उघडे राहिले, तर 300 वेळा आठवण होते. आठवड्यातून एकदा ती वही वडिलांना वा भागीदारास दाखवावी, म्हणजे बांधही घातला जाईल. हा नेम तीन महिने टिकल्यावरच त्यात दुसऱ्याची भर घालावी.

भाऊराव 1959 साली निवर्तले. तत्पूर्वी 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले होते, आणि त्यांच्या संस्थेच्या शाळा आजही खेड्यापाड्यांतून चालू आहेत. ह्या कार्यामागे अनेक दात्यांचे साह्य होते. त्यांत ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत, अशा गृहिणींच्या मुठीही होत्या. आपल्यापैकी प्रत्येकाने येत्या वर्षासाठी असा एकच मुठीएवढा नेम निवडावा आणि तो आजच्या रोजमेळापासूनच सुरू करावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.