भाग २३ : फॉरेनची बियर, पुण्याची बियर आणि लुडोचा फासा

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेले "म्हणजे", "अं" आणि मधे आलेला कोंबड्याचा आवाज काढून टाकला आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज विजयदुर्गातूनच बोलतोय. मागे समुद्राचा आवाज येत असेल तर तो खराच आहे, एडिटिंगमध्ये टाकलेला नाही.

आजचा विषय बियर. हेडफोन लावून ऐका, कारण आमच्या घरात हा शब्द मोठ्याने बोलायची पद्धत नाही. माझे एक काका दारूपायी गेले. त्यामुळे आईला या भागाबद्दल सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त उठून आत गेली. म्हणून आधीच सांगतो. "प्या" असं सांगणारा हा भाग नाही. महाराष्ट्रात बियरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो. पिऊन गाडीला हात लावायचा नाही. आणि गोव्यातून येताना चार बाटल्या डिकीत टाकून आणू म्हणाल, तर तेही चालत नाही. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवतात, आणि का थांबवतात ते सिंधुदुर्गातल्या पोरांना वेगळं सांगायला नको.

आता हे सगळं सुरू कशामुळे झालं ते सांगतो.

माझ्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, इथे एक होमस्टे आणि खानावळ आहे. किल्ला बघायला येणारी माणसं त्याच्याकडे जेवतात. यंदा त्याने ठरवलं की बियरचं लायसन काढायचं, मोठा फ्रीज घ्यायचा आणि त्यात इम्पोर्टेड बियर भरायची. पैसे कुठून आणणार? आंब्याच्या दलालाकडून उचल घेऊन. मोहोर अजून झाडावर आहे आणि पैसे हातात. कोकणात ज्याच्या घरी कलमं आहेत त्याला या वाक्याचा अर्थ समजेल. एक अवकाळी पाऊस झाला की आंबा जातो, उचल मात्र राहते.

मी विचारलं, "इम्पोर्टेडच का?" दादा म्हणाला, "पर्यटक तीच मागतत. तुझा ता गणित ऱ्हवांदे, गिऱ्हाईक काय मागता ता बघ."

मुद्दा बरोबर होता. पण माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न अडकला. गिऱ्हाईक चव मागतं, की लेबल?

पहिला दिवस : माझा खोटेपणा

पुण्याहून येताना मी दोन प्रकारची गव्हाची बियर आणली होती. एक बेल्जियमहून आलेली, एक पुण्याजवळ बनलेली. दोन्ही दुकानातून, बिलासकट. बेल्जियमच्या एका बाटलीच्या पैशात पुण्याचे तीन कॅन येत होते. परदेशी मालावर आधी आयात शुल्क लागतं, मग राज्याचं उत्पादन शुल्क, मग वाहतूक. त्यामुळे त्या किमतीतला बराचसा भाग चवीचा नसतोच.

ओट्यावर चौघे बसलो. दादा, त्याचे दोन मित्र आणि मी. मी आतून दोन जग भरून आणले आणि प्रत्येकाजवळ त्याची बाटली ठेवली. एकाजवळ बेल्जियमची, एकाजवळ पुण्याची. सगळ्यांनी दहापैकी मार्क द्यायचे. तिघांनीही बेल्जियमला जास्त मार्क दिले. दादाने तर डोळे मिटून "ह्येका म्हणतत बियर" असं सर्टिफिकेटच दिलं.

दोन्ही जगात पुण्याचीच बियर होती.

दादा चिडला, आणि ते रास्तच होतं. "तू माका फसयलंस. आता नीट कर." त्या एका वाक्यामुळे पुढचा सगळा खटाटोप झाला.

नीट करायचं म्हणजे कसं?

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण हा प्रश्न सोडवणारी माणसं बियरच्याच कारखान्यात काम करत होती.

डब्लिनमध्ये गिनेस नावाची ब्रुअरी आहे, १७५९ सालची. काळीभोर आयरिश स्टाउट बनवते. त्यात भाजलेलं जव असतं, म्हणून कॉफीसारखा कडवटपणा येतो. १८९९ साली विल्यम गॉसेट नावाचा ऑक्सफर्डचा एक पदवीधर तिथे नोकरीला लागला. त्याची अडचण अशी होती की जव किंवा हॉप्सची प्रत तपासायला हजारो नमुने मिळत नाहीत. चार मिळतात, सहा मिळतात. एवढ्याशा नमुन्यावरून "हे त्यापेक्षा चांगलं" असं म्हणायचं तर किती खात्रीने म्हणायचं? त्याने त्याचं गणित मांडलं आणि १९०८ साली छापलं. पण कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून त्याने "स्टुडंट" हे टोपणनाव घेतलं. इंजिनीअरिंगला एम-थ्रीच्या पेपरात आपण जी "स्टुडंट्स टी टेस्ट" रट्टा मारून लिहिली, ती ही. मला चार वर्षं वाटत होतं की विद्यार्थ्यांना छळायला काढली म्हणून तिला ते नाव पडलं असावं.

दुसरी युक्ती डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गमध्ये १९४०च्या दशकात रुळली. तिला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीन ग्लास ठेवायचे. दोनांत एकच बियर, तिसऱ्यात वेगळी. "कुठली चांगली?" हे विचारायचंच नाही. एवढंच विचारायचं, "यातला वेगळा ग्लास कुठला?"

याचं सौंदर्य काय? नुसता अंदाज मारला तर तीनपैकी एकदा बरोबर येणार. म्हणजे बारा वेळा केलं तर सरासरी चार बरोबर, काहीही न कळता. मग कितीला मानायचं की खरंच फरक कळतो? हिशेब केला तर सात किंवा जास्त बरोबर येणं निव्वळ नशिबाने शंभरात साधारण सात वेळा होतं. आठ किंवा जास्त येणं शंभरात दोनपेक्षाही कमी वेळा. म्हणून आम्ही आधीच ठरवलं, आठ आले तरच फरक मानायचा. हे आधी ठरवणं महत्त्वाचं आहे, नाहीतर निकाल बघून माणूस रेषा सरकवतो. ऑफिसमध्ये आमचे ए-बी टेस्टवाले हेच करतात, पण तो वेगळा भाग होईल.

दुसरा आणि तिसरा दिवस

सगळी सूत्रं वहिनीच्या हातात दिली, कारण ती पीत नाही आणि मी खोटारडा ठरलो होतो.

ग्लास स्टीलचे, घरातलेच. काचेत रंग दिसतो, स्टीलमध्ये नाही. प्रत्येक ग्लासात ४० मिली, औषधाच्या मापाने. चौघे, प्रत्येकी तीन फेऱ्या, म्हणजे बारा चाचण्या. एका माणसाच्या पोटात पूर्ण संध्याकाळी ३६० मिली. काकांची आठवण घरात असताना त्यापुढे जायचं नव्हतं.

तीन ग्लासांत दोन बियरी मांडायच्या तर सहाच प्रकार होतात. फाशाला बाजूही सहाच. वहिनीने स्वयंपाकघरात लुडोचा फासा टाकायचा, येईल त्या क्रमाने ग्लास भरायचे आणि कागदावर टिपून कागद डब्याखाली ठेवायचा. कोणी कितीही मस्का लावला तरी फासा ऐकत नाही.

बर्फ जेटीवरून आणला, पण थर्माकोलचा खोका नवा घ्यावा लागला. माशाच्या खोक्यात ठेवलेल्या बाटलीला जो वास लागला असता, तो कुठल्याही देशाचा राहिला नसता. सगळं एकाच खोक्यात, एकाच थंडाव्याला. मधे तोंड साफ करायला पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. तळलेला बांगडा चाचणी संपल्यावर. यावर मोर्चा निघाला होता, पण वहिनी ठाम राहिली.

निकाल असे.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गव्हाची बियर विरुद्ध बेल्जियमची. बारापैकी नऊ बरोबर. म्हणजे फरक आहे आणि तो जिभेला कळतो.

तिसऱ्या दिवशी भारतात बनलेली साधी लागर विरुद्ध युरोपातून आलेली लागर. बारापैकी पाच. पाच किंवा जास्त बरोबर नशिबाने शंभरात ३७ वेळा येतात. म्हणजे आम्हाला काही कळत नव्हतं. दादाचा मित्र तिन्ही फेऱ्यांत छातीठोकपणे चुकला.

मग गव्हाच्या बियरमध्ये आवडली कुठली? बरोबर ओळखलेल्या नऊ वेळांत सहादा पुण्याची, तीनदा बेल्जियमची. दादा लगेच म्हणाला, "म्हणजे आपली जिंकली." नाही. नाणं नऊ वेळा उडवलं तर सहा किंवा जास्त छापे शंभरात पंचवीस वेळा पडतात. त्यामुळे "वेगळी आहे" हे म्हणता येतं, "चांगली आहे" हे नाही. आणि चौघेच्या चौघे एकाच आळीतले, हेही लक्षात ठेवा.

फरक आला कुठून?

बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या तेव्हा उलगडा झाला. पुण्याचा कॅन पाच आठवड्यांपूर्वी भरलेला होता. बेल्जियमची बाटली नऊ महिन्यांपूर्वी.

बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बियरमध्ये माल्ट न केलेला गहू, संत्र्याची साल आणि धणे घालतात. हो, आपले धणेच. ही पद्धत बेल्जियममध्येही जवळपास संपली होती. होगार्डन गावातल्या पिएर सेलिस यांनी १९६६ साली ती पुन्हा सुरू केली. या बियरची सगळी मजा वासात आहे, आणि वास सगळ्यांत आधी उडतो. बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजन हळूहळू काम करतो, हॉप्सचा सुगंध जातो आणि जुन्या बियरला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागतो. उष्णता जितकी जास्त तितकं हे लवकर होतं. दुसरा शत्रू उजेड. सूर्यप्रकाशाने हॉप्समधला कडू भाग तुटतो आणि गंधकाचा घाणेरडा वास तयार होतो. तपकिरी काच यापासून बऱ्यापैकी वाचवते, हिरवी कमी, कॅन पूर्ण.

म्हणजे आम्ही पुणे आणि बेल्जियमची तुलना केलीच नव्हती. ताजी आणि शिळी यांची केली होती. तीच बाटली बेल्जियमला जाऊन प्यायलो असतो तर निकाल कदाचित उलटा लागला असता.

हा प्रश्न जुनाच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनहून मुंबई-कलकत्त्याला बियर जहाजाने यायची, केपला वळसा घालून, कित्येक महिने. टिकावी म्हणून हॉप्स भरपूर घालत. पुढे त्याच प्रकाराचं नाव इंडिया पेल एल पडलं. आज पुण्या-मुंबईत आयपीए मागणारी मंडळी, एका अर्थाने, लांबच्या प्रवासावरचा उपाय मागत असतात. पुण्यात डूलाली २००९ साली सुरू झाली, तिथून महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी आल्या आणि बियर जिथे बनते तिथेच प्यायची सोय झाली. मग प्रवासच नाही.

लेबलाबद्दल शेवटचं

विजयदुर्गात राहून लेबलाला नावं ठेवायची तर आधी आपलं घर बघायला हवं. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत. तिथे १८६८च्या ग्रहणात लॉकयर साहेबाने हेलियम शोधला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मीही कॉलेजात ऐटीत सांगायचो. पण १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाला नॉर्मन लॉकयर भारतात नव्हते. त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याचं निरीक्षण केलं. विजयदुर्गाला ते आले, नक्की आले, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तीस वर्षांनी. म्हणजे बाटली अस्सल आहे, लेबलावरची तारीख चुकली आहे. खरी गोष्टही काही कमी नाही, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने ग्रहण बघायला आपलं गाव निवडलं होतं.

मग दादाने काय केलं?

मी त्याला एकच हिशेब दाखवला. मे महिन्यात इथे लाईट किती वेळा जाते? तेव्हा फ्रीजमधली महागडी, आधीच नऊ महिने जुनी बाटली तापते, थंड होते, पुन्हा तापते. गिऱ्हाईक लेबल बघून मागवेल, हे आपण पहिल्या दिवशी पाहिलं. पण मोठे पैसे देऊन पुठ्ठ्याचा वास आला तर नाव बेल्जियमचं खराब होणार नाही, खानावळीचं होईल.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझा गिऱ्हाईक बांगडो ताजो म्हणान माझ्याकडे येता. आणि बियर शिळी देव?"

लायसनचा अर्ज तो करणार आहे. पण छोटा फ्रीज, दोन-तीन भारतीय प्रकार, तारीख बघून थोडा थोडा माल. दलालाची उचल त्याने घेतली नाही. आंबा आला की बघू म्हणाला.

आणि आई? तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. वहिनीचा फासा, औषधाचं माप, कागद, सगळं बघितलं. म्हणाली, "एवढ्याशा पिण्याला एवढं गणित?" मग थोडं थांबून, "तुझ्या काकांनी मोजलं असतं तर बरं झालं असतं."

यावर मला काही बोलता आलं नाही. रेकॉर्डिंगही तिथेच बंद केलं होतं.

पुढच्या भागात हीच त्रिकोणी चाचणी कोकम सरबतावर करणार आहोत. घरच्या आगळाचं विरुद्ध बाजारातल्या बाटलीचं. त्यात आई भाग घेणार आहे, आणि तिने आत्ताच सांगितलंय की ती बारापैकी बारा ओळखेल. फासा वहिनीकडेच.

भेटू. काळजी घ्या.